जबलपूरची मराठी कुठल्या रकान्यात?

मध्य प्रदेशात मराठी माणूस कुठे राहतो, असं नागपूर-पुण्यात कुणालाही विचारा. इंदूर हे उत्तर लगेच येतं, पाठोपाठ ग्वाल्हेर. थोडी जास्त माहिती असलेला देवास आणि धार सांगतो. मी जबलपूरची म्हटलं की समोरचा थांबतो आणि विचारतो, "तिथे मराठी लोक आहेत?" जवळजवळ सत्तर वर्षं या शहरात काढली, आणि लग्नाच्या पंगतीत, गाडीच्या डब्यात, दवाखान्याच्या बाकावर हा प्रश्न ऐकत आले. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. त्याला खरोखरच ठाऊक नसतं.

जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे. या वेळी आपली माहिती आपण ऑनलाइन भरण्याचीही सोय असणार आहे. म्हणून जबलपूर, सागर, दमोह, कटनी, नरसिंहपूर इथल्या मराठी घरांना मला एक विनंती करायची आहे. मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहा. तुमची मराठी कशीही असो, तिच्यात निम्मे शब्द हिंदी असोत, नातवंडं तिला हसत असोत, तरी लिहा.

२०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशाची लोकसंख्या ७ कोटी २६ लाख होती आणि त्यांतल्या १२ लाखांहून अधिक लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली होती. म्हणजे शंभरात दोनही नाहीत. पण ही माणसं राज्यभर सारखी पसरलेली नाहीत. पुष्कळ जण सीमेलगत आहेत: पांढुर्णा, सौंसर, मुलताई, बऱ्हाणपूर, बालाघाटकडची वारासिवनी आणि लांजी. ते कुठून येऊन राहिलेले नाहीत. संत्र्याच्या बागा, केळीचे मळे, धानाची बांधी, पोळा आणि पांढुर्ण्याची गोटमार, सगळं त्यांचं तिथलंच. राज्याची रेघ त्यांच्या शेतांमधून गेली, एवढंच. पांढुर्णा तर २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हाही झाला. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या मराठीवर बोलताना या शेतकऱ्यांना कुणी मोजत नाही, कारण त्यांची नाट्यमंडळं नाहीत आणि वासंतिक व्याख्यानमाला नाहीत. मला हे फार खटकतं. या राज्यात उद्या कुठे मराठी टिकून राहिली तर ती आधी त्या गावांत टिकलेली असेल.

दुसरी माणसं राजवाड्यांच्या सावलीतली. होळकर, शिंदे, पवार यांच्या दरबारांमुळे इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार इथे मराठी आली, रुजली आणि मान मिळवून राहिली. इंदूरला १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन साहित्य संमेलनं झाली. ग्वाल्हेरला १९२८ मध्ये झालं आणि पुन्हा १९६१ मध्ये. त्या १९६१ च्या संमेलनाच्या अध्यक्ष कुसुमावती देशपांडे होत्या. संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली ती महाराष्ट्राबाहेरच्या या गावी. तिथल्या मंडळींना आपण कोण हे कुणाला सांगावं लागत नाही.

आम्ही तिसरे. आमच्या पायाखाली मराठी माती नाही आणि डोक्यावर मराठी राजाचं छत्र नव्हतं. म्हणजे अगदीच नव्हतं असं नाही. बाजीरावांना छत्रसालांच्या राज्याचा हिस्सा मिळाला, त्या मुलखात गोविंदपंत बुंदेल्यांनी सागर वसवलं, आणि सागरच्या मराठ्यांनी १७८१ मध्ये गढा-मंडल्याच्या गोंड राजाकडून जबलपूर घेतलं. १७९८ मध्ये ते नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी ते जिंकलं. सगळं मिळून छत्तीस वर्षं. एवढ्यात दरबार उभा राहत नाही. काही कुटुंबं मात्र सागर-दमोहच्या बाजूला राहून गेली. माधवराव सप्रे हे १८७१ साली दमोह जिल्ह्यातल्या पथरियाला जन्मले, जबलपूरला रॉबर्टसन कॉलेजात शिकले, आणि हिंदी पत्रकारितेचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव आलं. 'गीतारहस्य' आणि 'दासबोध' हिंदीत आणले ते त्यांनी.

पण जबलपूरच्या बहुतेक मराठी घरांचा इतिहास इतका जुना नाही. तो बदलीच्या हुकमाचा इतिहास आहे.

मार्च १८७० मध्ये मुंबईकडून येणारी जीआयपी रेल्वे जबलपूरला पोचली. अलाहाबादकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे तिथे १८६७ मध्येच आली होती. दोन्ही रूळ आमच्या स्टेशनात जुळले आणि मुंबई-कलकत्ता गाडीने जाता येऊ लागलं. त्या मुंबईकडच्या रुळांवरून गार्ड, फिटर, तिकीट बाबू, पार्सल क्लार्क आले. पुढे ही लाइन मध्य रेल्वेत गेली, आणि मध्य रेल्वेचं मुख्यालय मुंबई. भुसावळचा माणूस जबलपूरला यायचा, जबलपूरचा इटारसीला किंवा नागपूरला जायचा. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला. आम्ही त्याला नुसतं जीसीएफ म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, १९६९ मध्ये सैन्याच्या ट्रकांचा व्हीकल कारखाना आला. खडकी, अंबाझरी, वरणगाव, भंडारा, भुसावळ इथल्या कारखान्यांचं आणि आमच्या कारखान्यांचं एकच बोर्ड होतं, त्यामुळे माणसं इकडची तिकडे होत राहिली. रांझीत, खमरियाच्या इस्टेटीत संध्याकाळी फिरायला निघालं की उघड्या खिडक्यांतून वऱ्हाडी, झाडीपट्टीची, खानदेशी अशी तऱ्हेतऱ्हेची मराठी ऐकू यायची.

आणि १९५६. त्याआधीच्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, भोपाळ राजधानी झालं आणि हायकोर्ट जबलपूरला आलं. न्यायमूर्ती हिदायतुल्ला नागपूरचे मुख्य न्यायाधीश होते, ते नव्या हायकोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. त्यांच्यामागे वकील, स्टेनो, कारकून, रेकॉर्डकीपर आले. माझे वडील त्यांतले एक कारकून होते आणि मी वर्षाची होते. नागपूरचं महालातलं घर सोडून आई नेपियर टाउनमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आली. "दोन-तीन वर्षांनी परत बदली करून घेऊ," असं वडिलांनी तिला सांगितलं होतं. पण तोवर नागपूर दुसऱ्या राज्यात गेलेलं होतं, बदली होणार कशी! ते रिटायर इथेच झाले. आईने मग गोलबाजारच्या दत्तमंदिरात गुरुवार धरला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही.

हे सगळं सांगते ते जुन्या आठवणी काढाव्यात म्हणून नाही. आमची वस्ती अशी बाहेरून भरत राहणारी होती, हे लक्षात यावं म्हणून सांगते. एक पिढी हिंदीत विरघळली तरी रेल्वेतून, कारखान्यातून नवी कुटुंबं यायची आणि त्यांच्या सुनांची, सासवांची, पाहुण्यांची मराठी गल्लीत पुन्हा खेळायला लागायची. हे येणं आता आटलं आहे. १ एप्रिल २००३ ला पश्चिम मध्य रेल्वे हा नवा विभाग झाला, त्याचं मुख्यालयच जबलपूर. शहराला त्याचा अभिमान वाटला, मलाही वाटला. पण त्याबरोबर मुंबई-भुसावळकडून माणसं येण्याचा रस्ता बंद झाला. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या. आता खमरिया एका कंपनीत, जीसीएफ दुसऱ्या, व्हीकल तिसऱ्या. पूर्वीसारखं देशभर फिरणं राहिलं नाही. हायकोर्टाची ती पिढी तर कधीच संपली. म्हणजे आता जे आहेत तेवढेच आहेत. जनगणनेत इथून पुढे मराठीचा आकडा घसरत जाणार तो कुणी मराठीचा द्वेष केला म्हणून नव्हे. नवं माणूस येत नाही आणि जुनं माणूस स्वतःला मराठी म्हणून नोंदवत नाही, म्हणून तो घसरणार.

स्वतःला नोंदवत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी सरकारी शाळेत गणित शिकवायची आणि शिक्षकांना जनगणनेची ड्यूटी लागतेच. २००१ च्या फेब्रुवारीत मला रांझीचा भाग मिळाला होता. एका घरात गेले. दारावर आंब्याच्या पानांचं सुकलेलं तोरण, आत भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, कपाटावर व्हीकल कारखान्याचं पंचवीस वर्षं सेवेचं मानचिन्ह. बाई आत मुलाला म्हणाल्या, "अरे, मॅडमले खुर्ची दे न, उभ्या हायेत." भंडाऱ्याकडची बोली, कानाला गोड लागली. मी फॉर्म काढून एकेक प्रश्न विचारत मातृभाषेच्या रकान्याशी आले. मालक पटकन म्हणाले, "हिंदी लिखिए, मैडम." मी मराठीतून विचारलं, "अहो, आत्ता तर मराठी ऐकली मी." ते थोडे गोंधळले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "पोरांचे कास्ट सर्टिफिकेट इथंच बनवायचे आहेत. बाहेरचे म्हणतील. आधीच पन्नासच्या आधीचा पुरावा मागतात." मी त्यांना समजावलं. तरी त्यांनी हिंदीच सांगितली. प्रगणकाला सांगतील ते लिहावं लागतं, त्यात आपली मर्जी चालत नाही. मी हिंदी लिहिलं. बाई दारात उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत.

त्या गृहस्थांची भीती पोकळ नव्हती. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचं वास्तव्य विचारलं जातं, आणि कारखान्याच्या नोकरीसाठी नंतर आलेल्या कुटुंबांना त्याचा खराच त्रास झाला आहे. पण जनगणनेचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे लोकांना कुणी सांगितलंच नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५व्या कलमाप्रमाणे तुमचा भरलेला फॉर्म कुणाला पाहता येत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. मराठी लिहिल्याने दाखला अडत नाही, हिंदी लिहिल्याने तो मिळत नाही. आमच्या मंडळांनी या वर्षी हळदीकुंकवाचे, दिवाळी पहाटेचे कार्यक्रम जरूर करावेत, पण त्याबरोबर रांझी, घमापूर, अधारतालच्या गल्ल्यांत जाऊन एवढी एक गोष्ट समजावून सांगावी. आणि इथे मला आपल्याच लोकांना दोन शब्द बोलायचे आहेत. आमच्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांना मी लहानपणापासून जाते आहे. तिथे वकिलांची, डॉक्टरांची, बँकवाल्यांची कुटुंबं भेटतात. कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर आयुष्य घालवलेली कुणबी, तेली, बौद्ध कुटुंबं फारच थोडी दिसतात. ती आली नाहीत, कारण त्यांना कुणी आग्रहाने बोलावलं नाही. आकड्यासाठी आता आपल्याला त्यांची आठवण होत असेल तर ती आठवण फक्त फेब्रुवारीपुरती असू नये.

मग आकडा हवा कशाला? आम्हाला जबलपूर महाराष्ट्रात न्यायचं नाही. ज्यांना असं वाटतं त्यांनी नर्मदेवर एक संध्याकाळ ग्वारीघाटाला येऊन बसावं. हे शहर आमचं आहे, त्यातलं हिंदीही आमचं आहे. आकडा हवा तो घटनेने दिलेल्या साध्या हक्कांसाठी. ज्या १९५६ साली आमचं नागपूर सुटलं त्याच साली सातवी घटनादुरुस्ती झाली आणि ३५०-अ हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्याने सोय करावी, असं ते सांगतं. शाळेत एका भाषेची ४० किंवा एका वर्गात १० मुलं असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे तर १९४९ मध्येच शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलेलं होतं. पांढुर्ण्यात, बऱ्हाणपुरात ही चाळीस मुलं एका गल्लीत सापडतात. जबलपुरात नेपियर टाउन, मदन महाल, गुप्तेश्वर, रांझी अशी विखुरलेली गोळा करावी लागतील. ती आहेत हे आधी कागदावर दिसलं पाहिजे. ज्या जिल्ह्यात मातृभाषा मराठी सांगणारेच निघत नाहीत, तिथे कुठला अधिकारी मराठी शिक्षकाची जागा मंजूर करील? नावात महाराष्ट्र असलेलं हायस्कूल आमच्या शहरात आहे. तिथे आठवड्यातून चार तास मराठी शिकवायला पगारी शिक्षक असावा, एवढं मागायलाही हातात आकडा लागतो.

हिंदीचा प्रश्न काही जण दुसऱ्या बाजूने विचारतात. मराठी लिहिलं म्हणजे हिंदीशी बेइमानी तर नाही ना? नाही. सप्र्यांनी १९०७ मध्ये 'हिंदी केसरी' काढला, १९२० मध्ये जबलपूरहून 'कर्मवीर' सुरू होण्यामागे ते होते. घरी ते मराठीच होते. मुक्तिबोध बंधूंचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर हवं. एकाच घरातले सख्खे भाऊ. गजानन माधव हिंदीतले मोठे कवी झाले, काही काळ आमच्या जबलपुरातही राहून गेले. शरच्चंद्र मराठीतले मोठे कवी आणि समीक्षक झाले, त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या घरात कुठली भाषा खरी आणि कुठली उपरी, असं कुणी विचारलं नसेल. २०११ च्या पत्रकात मातृभाषेच्या पुढचाच प्रश्न येत असलेल्या इतर भाषांचा होता आणि तिथे दोन भाषा लिहिता येत होत्या. हिंदीची जागा ती होती आणि इंग्रजीचीही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना मला एवढंच म्हणायचं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आम्हीही इथे पेढे वाटले. २०११ च्या आकड्यांनी मराठी देशात तिसऱ्या क्रमांकाची भाषा ठरली, त्या ८ कोटी ३० लाखांत आमच्यासारखी बाहेरची माणसंही आहेत. पण आमची मुलं पुण्याला शिकायला येतात तेव्हा "तू कसलं मराठी बोलतेस?" असं त्यांना पहिल्याच आठवड्यात ऐकावं लागतं. माझ्या भाचीने त्यानंतर होस्टेलवर मराठी बोलणंच सोडलं, मैत्रिणींशी हिंदीतच बोलायला लागली. तिचं "मी जाऊन राहिले" ऐकून हसणाऱ्या मुलींना ठाऊक नव्हतं की पावणेतीनशे किलोमीटरवरच्या नागपुरात हजारो घरांत असंच बोलतात. ती मुलगी उद्या फॉर्म भरताना काय लिहील, याची जबाबदारी थोडी त्या होस्टेलवरही आहे.

आता राहिला आमच्या घरचा फॉर्म. मातृभाषा म्हणजे काय, हे जनगणनेच्या सूचनांत नेमकं सांगितलेलं असतं. लहानपणी आई ज्या भाषेत तुमच्याशी बोलली ती. आई तान्हेपणीच गेली असेल तर घरात मुख्यतः जी बोलली जायची ती. आडनाव, जात, बाप, मूळ गाव यांचा संबंध नाही. माझी सून दमोहची, बुंदेली बोलणारी. तिच्या मुलाशी ती हिंदीत आणि बुंदेलीत बोलते, मी मराठीत. नियमाने माझ्या नातवाची मातृभाषा हिंदी किंवा बुंदेली लिहावी लागेल आणि त्याला मराठी समजते म्हणून ती इतर भाषांत येईल. मुलाला हे जरा लागलं. मी त्याला म्हटलं, खोटं लिहून मराठी वाढवायची नाही. पण माझी मुलगी कटनीला तिवाऱ्यांच्या घरात दिली आहे, आणि तिने दोन्ही मुलींना पाळण्यापासून मराठीत वाढवलं आहे. सासूबाईंनीही कधी हरकत घेतली नाही, उलट त्या स्वतः थोडी शिकल्या. त्या दोघी तिवारी मुलींची मातृभाषा मराठी आहे. जावयांनी परवा फोनवर विचारलं, "आई, हमारे घर में मराठी लिखेंगे तो कोई मानेगा?" मी म्हटलं, मानायचा प्रश्नच नाही. नियम वाचा आणि दोघींच्या नावापुढे मराठी लिहा.